तुलसीरामच्या गाडीतला लाल दिवा

तुलसीराम मुळात भित्रा माणूस नव्हता. पंच्याहत्तरच्या सिक्लोनमध्ये, आमच्या बेटावर चक्रीवादळाला हेच म्हणतात, शेजाऱ्याच्या स्वयंपाकघराचं छप्पर उडून त्याच्या अंगणात पडलं, तेव्हा भर वाऱ्यात त्या पत्र्यावर उभा राहून त्याने शेजाऱ्याला हाक मारली होती, "तुमचं काहीतरी आलंय आमच्याकडे!" अशा माणसाला पुढे सहा वर्षं वाटाण्याएवढ्या एका लाल दिव्याने घाम फोडला, हे सांगूनही कुणाला खरं वाटत नसे.

हा दिवा त्याच्या गाडीत होता. आणि गाडी का घेतली, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं नुसतं वेडेपणाचं वाटेल.

तुलसीराम क्युरपिपच्या एका सरकारी कचेरीत कारकून. पावसाळी गाव, वर्षातले निम्मे दिवस छत्री हातात. राहायला कार्तिए मिलितेरला. पण त्याचा जन्म उत्तरेकडचा, प्लेन दे पपायचा, उसाच्या ऐन पोटातला. आई लवकर गेली. थोरली बहीण भगवती, हिला तो 'बाय' म्हणे, तिने त्याला वाढवलं. बाय पहाटे कोयता घेऊन उसात जायची, आणि तिच्या मजुरीतून तुलसीरामच्या वह्या, चपला आणि शाळेची फी निघायची. तो नऊ वर्षांचा असताना एकदा दोघं शाळेतून चालत येत होती. इस्टेटीतल्या कुणा गोऱ्या साहेबाची मोटार शेजारून गेली आणि बायच्या एकुलत्या एका धड लुगड्यावर चिखल उडवून गेली. बाय पदराने चिखल पुसायला लागली. तुलसीरामच रस्त्यात उभा राहून ओरडला, "बाय, मी मोठा झालो की तुला माझ्या गाडीत बसवून क्युरपिपला नेईन!" क्युरपिपच का, तर त्याच्या माहितीत त्याहून लांबचं गाव नव्हतं.

लहानपणी माणूस काय वाटेल ते बोलतो आणि विसरतो. तुलसीराम विसरला नाही, हीच त्याची अडचण झाली. पस्तीस वर्षं पैसे साठवून अठ्ठ्याहत्तर साली त्याने क्युरपिपच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची जुनी गाडी घेतली. रंग फिका पिवळा, सगळे आकडे आणि दिवे मधोमध एका गोल तबकडीत. डॉक्टर म्हणाले, "फक्त रविवारी चर्चला जाण्यापुरती वापरली." जगातली प्रत्येक जुनी गाडी रविवारी चर्चला जाण्यापुरतीच वापरलेली असते, पण हे तुलसीरामला तेव्हा कोण सांगणार?

त्याने बायला निरोप पाठवला. बायचे गुडघे तेव्हा सुजायला लागले होते, बसच्या उंच पायऱ्या तिला चढवत नव्हत्या. भावाचं घर आणि कचेरी तिने अजून पाहिली नव्हती. तुलसीराम एकदा म्हणाला होता, टॅक्सी पाठवतो. तर बाय म्हणाली, "टॅक्सी काय तुझी हाय? मी बसेन तर तुझ्या गाडीत." झालं! आता प्रश्न गाडीचा उरला नव्हता, शब्दाचा होता.

गाडी आली म्हणजे पूजा आली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. तुलसीरामची बायको विद्यावती हिच्या वडिलांनी वीतभर उंचीचा पितळी गणपती दिला. तो गोंद लावून तबकडीच्या अगदी वर ठेवला. पहिल्याच वळणावर गणपती घसरला आणि तुलसीरामच्या ब्रेकखाली जाऊन बसला. गाडी थांबली ती फणसाच्या झाडाला टेकूनच. विद्यावती रडायलाच लागली. "पहिल्याच दिवशी देव पायाखाली! अहो, घट्ट बसवा त्याला!"

आता सिक्लोनच्या देशातला माणूस घट्ट बसवतो म्हणजे काय करतो? इथे खिडक्यांच्या फळ्या, कोंबड्यांची खुराडी, न्हाणीघराचं दार, सगळं असं ठोकतात की बेट उडालं तरी ते जागेवर राहावं. तुलसीरामकडे सिक्लोनच्या फळ्यांचे बोटभर लांब स्क्रू उरले होते. त्यातले तीन त्याने गणपतीच्या पाटातून खाली पत्र्यात पिळले. मग गणपती डोंगरासारखा बसला. पुरोहित महाराजांना पुन्हा बोलावून यथासांग प्रतिष्ठा केली. महाराज दक्षिणा खिशात घालता घालता म्हणाले, "आता देव हलवायचा नाय हां." तुलसीरामने हे वाक्य काळजावर कोरून घेतलं. महाराज ते संध्याकाळपर्यंत विसरले असतील.

पुढच्या रविवारी नवराबायको बायला आणायला निघाली. कार्तिए मिलितेर सोडलं, मोका गेलं. विद्यावतीचा स्वभाव असा, की वाटेत कालीमाईचं देऊळ दिसलं की नमस्कार, अंगणातला हनुमानाचा लाल झेंडा दिसला की नमस्कार, मारियाची मूर्ती दिसली तरी नमस्कार. तीही कुणाची तरी आईच ना, असं तिचं म्हणणं. आणि नमस्कार म्हणजे वाऱ्यावर सोडून दिलेला नव्हे. आधी समोरच्या गणपतीच्या पायांवर हात टेकायचा, मग कपाळाला लावायचा. पोर्ट लुई ओलांडून उसाच्या भागात शिरले तोच एक कालीमाई आली, विद्यावतीचा हात गणपतीच्या पायांवर गेला, आणि तबकडीत लाल दिवा पेटला.

"दिवा!" तुलसीराम किंचाळला.

"अगं बाई! देवा रे!" विद्यावतीने घाबरून दोन्ही हातांनी गणपतीचे पाय धरले आणि डोळे मिटले. दिवा जळतच राहिला. डॉक्टरांनी बजावलं होतं, तो लाल दिवा ऑइलचा आहे, तो लागला आणि गाडी चालवली तर इंजिन जळून जाईल. तुलसीरामने तत्काळ इंजिन बंद केलं. ते पुन्हा सुरू करायची त्याची छाती झाली नाही. उसाच्या ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी परत आली. तुलसीरामने जवळच्या दुकानातून, इथे त्याला बुतिक म्हणतात, प्लेन दे पपायच्या बुतिकमध्ये फोन केला आणि बायला निरोप दिला. बाय जांभळी साडी नेसून, पिशवीत मिरचीची भजी घेऊन दारातल्या दगडावर सकाळपासून बसली होती. निरोप ऐकून म्हणाली, "बरं. पुढच्या वेळी." आणि भजी शेजारणीला देऊन टाकली.

क्युरपिपला रोलां नावाचा आफ्रिकी वंशाचा क्रेओल मेकॅनिक होता. पोट पुढे, पेन्सिल कानावर. गाराजच्या भिंतीवर मारियाची तसबीर, तिच्यापुढे अखंड मेणबत्ती. त्याने काम सुरू करण्याआधी धुतलेला रुमाल आणून गणपतीवर पांघरला. "बोंज्ये ला, देव आहे इथे, मिस्ये तुलसी," तो म्हणाला, "देवाला ग्रीस लागायला नको." तुलसीरामला हा माणूस तिथेच आवडला. आवडलेला मेकॅनिक महागात पडतो, हे त्याला नंतर कळलं.

रोलांने इंजिन सुरू केलं. दिवा विझलेला. गाडी दोन डोंगर फिरवून आणली. दिवा विझलेलाच. पण गिऱ्हाईक म्हणतो दिवा लागतो, तर काहीतरी बदलायलाच हवं. त्याने ऑइलचा पंप बदलायचं ठरवलं. पंप इंग्लंडहून यायचा होता. तो बोटीत असतानाच आपला रुपया उतरला आणि पंप चढला. बिल पाहून तुलसीराम खुर्चीवरच बसला.

"फिनी, संपलं, मिस्ये तुलसी! आता दिवा जन्मात लागणार नाय," रोलां म्हणाला. आणि खरोखरच लागला नाही. तुलसीराम रोज एकटा कचेरीत जाई, एकटा येई. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरलेले, त्यामुळे वाटेतल्या देवांना नमस्कार मनातल्या मनात. महिनाभर दिवा विझलेला. मग रविवारी विद्यावतीला घेऊन तो बायकडे निघाला, आणि दुसऱ्याच कालीमाईला दिवा लागला.

पुन्हा दोर, पुन्हा ट्रॅक्टर, पुन्हा बुतिकचा फोन. बाय म्हणाली, "बरं. पुढच्या वेळी."

या वेळी रोलांने कान खाजवत एक शहाणपणाची गोष्ट सांगितली, ती इथे नोंदवून ठेवतो, कारण माणसावर अन्याय नको. तो म्हणाला, "इंजिन ठीक वाटतंय. तारेत काही असेल. तबकडी खोलून मागे बघायला पाहिजे. पण त्यासाठी देव काढावा लागेल."

"शक्य नाही!" तुलसीराम म्हणाला. "प्रतिष्ठा झालीय. इंजिन काढ, चाकं काढ, दारं काढ. देव हलणार नाही."

रोलां खांदे उडवून म्हणाला, "मग इंजिन काढतो." आणि त्याने इंजिन काढलं. त्या वर्षी रोलांच्या गाराजवर नवं पत्र्याचं छप्पर आलं. तुलसीराम रोज तिथून जाताना मान वर करून त्याकडे बघे. त्यातले निदान चार पत्रे आपले आहेत असं त्याला वाटे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तोही दर वेळी नवा.

मग कारकुनी डोक्याने तो विचार करायला लागला. दिवा कधी लागतो, कधी लागत नाही, हे त्याने कचेरीच्या जुन्या कागदाच्या पाठीवर लिहून काढलं. कागद त्याने घडी घालून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी जेवताना अगदी हळू आवाजात म्हणाला, "विद्या, तू गाडीत असलीस की दिवा लागतो, असं दिसतंय."

विद्यावतीने डाव खाली ठेवला. "म्हणजे मी पनवती?"

"तसं नाही म्हणालो मी."

"मग कसं म्हणालात? सांगा ना! माझ्या वडिलांनी देव दिला म्हणून ती गाडी रस्त्यावर तरी आहे, आणि मी बसले की इंजिन आजारी पडतं?"

त्या दिवसापासून तिने गाडीत पाऊल ठेवणं सोडलं. तीन महिने ती बसने गेली. तीन महिने दिवा लागला नाही. तुलसीरामला सगळं दिसत होतं, पण बोलायची सोय नव्हती. विद्यावतीला टाकून एकट्याने बायकडे जावं, तर दारातच बाय विचारणार, "बायको कुठाय?" आणि मग दोन्ही घरांत रामायण झालं असतं. शेवटी त्याने माफी मागितली, विद्यावती गाडीत बसली, आणि कालीमाईपाशी दिवा लागला. तिने रडत रडत गणपतीचे पाय धरले, "बाप्पा, माझं नाव घालवू नकोस रे!" दिवा अधिकच लालबुंद दिसायला लागला. बायची भजी तिसऱ्यांदा शेजारणीने खाल्ली.

पोर्ट लुईच्या मोठ्या गाराजमध्येही त्याने एकदा गाडी नेली. तिथे पांढरा कोट घातलेला इसम होता, बोलायचा फ्रेंचमध्ये, गाडीला हात न लावता तिच्याभोवती फिरायचा. त्याने फिरण्याचे पैसे घेतले. गणपतीकडे बोट करून म्हणाला, हे काढा म्हणजे बघतो. तुलसीरामने तिथूनच गाडी वळवली. मग विद्यावतीचा चुलतभाऊ सत्यदेव, उसाच्या लॉऱ्या दुरुस्त करणारा, याने घरच्या माणसाच्या भावात काम करून देतो म्हणून तीन आठवडे गाडी अंगणात सुटी करून ठेवली. घरच्या माणसाचा भाव रोलांपेक्षा थोडा जास्तच निघाला, आणि वर जेवण. जाताना सत्यदेव म्हणाला, "भावोजी, खरं सांगू? दिव्यावर चिकटपट्टी लावा."

नाकापेक्षा मोती जड झाला होता. चौऱ्याऐंशी साल उजाडेपर्यंत घरात नवे पडदे नाहीत, विद्यावतीच्या बांगड्या मोडायची भाषा, आणि बायचे गुडघे असे, की आता ती दारातल्या दगडापर्यंतसुद्धा काठी टेकत यायची. तुलसीरामने शेवटी हात टेकले. कार्तिए मिलितेरचा एक कोंबड्यांचा व्यापारी गाडी घ्यायला तयार झाला. इंजिन बोटीला विकणार होता आणि उरलेल्या गाडीत कोंबड्या ठेवणार होता. सोमवारी येतो म्हणाला. गणपतीचं काय करायचं, यावर मात्र घरात कुणी बोलेना.

त्या आठवड्यात गणेशचतुर्थी होती. घरी मातीचा गणपती बसला होता, दीड दिवसाचा, रीतीप्रमाणे. शनिवारी त्याला नदीत पोचवून आल्यावर तुलसीराम ओल्या धोतराने ओट्यावर बसला आणि विद्यावतीला म्हणाला, "उद्या शेवटचा रविवार. एकदा प्रयत्न करू. इंजिन जळालं तर जळालं, तशीही गाडी सोमवारी कोंबड्यांनाच जायचीय. पण बायला मी शब्द दिलाय गं." विद्यावतीने कपाटातून औषधाची चिकटपट्टी काढली, बोटभर तुकडा कापला, आणि स्वतः जाऊन दिव्यावर लावून आली.

रविवारी दोघं निघाली. वाटेत कालीमाया येत गेल्या, झेंडे येत गेले, विद्यावती नमस्कार करत गेली. पट्टीखाली दिवा लागत होता की नाही, ते त्यालाच ठाऊक. तुलसीरामचं लक्ष रस्त्यावर कमी आणि पट्टीवर जास्त. लागलेला दिवा बरा, निदान कळतं तरी. पण काही जळालं नाही, काही फुटलं नाही, आणि दहाच्या सुमारास फिकी पिवळी गाडी प्लेन दे पपायला बायच्या दारात जाऊन उभी राहिली.

बाय दगडावर बसली होती. जांभळी साडी, पिशवी, भजी. तिने गाडीकडे चाकापासून टपापर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "आलास तर." शेजारीण कुंपणावरून बघत होती, तिच्या भज्यांचं आज काही खरं नव्हतं.

बायला पुढच्या सीटवर बसवलं. विद्यावती मागे बसली. तुलसीरामने इंजिन सुरू केलं. बायने गाडीत चहूकडे नजर फिरवली आणि तबकडीवर बोट ठेवलं. "ह्या डोळ्याला काय झालं? पट्टी कसली?"

"काही नाही बाय, राहू दे—"

पण पट्टी निघालीसुद्धा. बायने आयुष्यभर ऊस सोलला होता, तिच्या नखापुढे पट्टीची काय कथा? खाली दिवा विझलेला होता. तुलसीरामने सुटकेचा श्वास टाकला. मग बायने, निघायचं म्हणून, समोरच्या गणपतीच्या पायांवर हात ठेवला. दिवा लागला.

"बघ! लागला!" तुलसीरामचा हात किल्लीकडे गेला.

"थांब रे," बाय म्हणाली. तिने हात काढला. दिवा विझला. तिने पुन्हा ठेवला. लागला. काढला. विझला. मागून विद्यावती पुढे वाकून बघत होती. बायने तिसऱ्यांदा हात ठेवला, या वेळी जरा दाबून. दिवा लखलखला.

"तुळशा," बाय म्हणाली, "हा दिवा इंजिनाचा नाय. गणपतीचा हाय."

मग मागच्या सीटवरून विद्यावतीचा आवाज आला, "सहा वर्षं! सहा वर्षं मी पनवती! आणि मी पाया पडत होते म्हणून—" पुढे तिला हसू आवरेना, की रडू, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

बायने वाकून पाटाकडे पाहिलं. "हे काय? देवाला इस्क्रू?"

"सिक्लोनचे," तुलसीराम म्हणाला. "उरले होते."

"किती लांब?"

तुलसीरामने बोट दाखवलं. आणि दाखवता दाखवताच त्याला उमगलं. बोटभर स्क्रू, नखाएवढा जाड पत्रा. उरलेला सगळा स्क्रू गेला कुठे असेल? मागे, तारांत! कुणी पाया पडलं की पत्रा थोडा दबायचा आणि स्क्रूचं टोक दिव्याच्या तारेला लागायचं. रोलां सांगत होता. पांढरा कोटवालासुद्धा सांगत होता. काखेत कळसा घेऊन तो गावाला वळसे घालत होता, तेही ट्रॅक्टरमागे.

"मग काढ," बाय म्हणाली.

"बाय, प्रतिष्ठा झालीय. महाराज म्हणाले, हलवायचा नाही."

"का रे, आपला गणपती किती दिवसांचा?"

"दीड."

"आणि ह्याला किती दिवस बसवलास?"

तुलसीराम खाली मान घालून म्हणाला, "सहा वर्षं."

"दीड दिवसाच्या पाहुण्याला सहा वर्षं इस्क्रू मारून बसवलास, आणि वर म्हणतोस दिवा का लागतो? त्याला जायचं असेल तर तो कसं सांगणार? उठवायची रीत हाय ना आपल्यात! बाबांनी तुला शिकवली नव्हती काय?"

रीत होतीच. काल संध्याकाळीच तुलसीरामने घरच्या गणपतीला तीच रीत केली होती. पण गाडीतल्या देवालाही ती लागू पडेल, हे त्याच्या कारकुनी डोक्यात आलं नव्हतं. विद्यावतीने घरातून मूठभर तांदूळ आणि वाटीत दही आणलं. गणपतीच्या हातावर दही ठेवलं. तुलसीरामने अक्षता टाकल्या, 'पुनरागमनाय च' म्हणून मूर्ती हलवायला गेला, आणि अर्थात ती हलली नाही. मग बायच्या घरची भाजी चिरायची सुरी आली. तीन स्क्रू निघायला अर्धा तास लागला, कारण तुलसीरामने काम चोख केलं होतं. तिसऱ्या स्क्रूचं टोक बाहेर आलं तेव्हा ते तांब्यासारखं घासून चमकत होतं, आणि त्याला तारेच्या रबराचा काळा कण चिकटला होता. तुलसीरामने तो स्क्रू तळहातावर घेतला आणि बराच वेळ बघत राहिला. त्या एका स्क्रूत एक पंप, एक अख्खं इंजिन, सत्यदेवची जेवणं आणि रोलांचं छप्पर सामावलेलं होतं.

तारेला तीच चिकटपट्टी गुंडाळली. इंजिन सुरू केलं. विद्यावतीने तबकडीच्या वर हाताने दाबून पाहिलं, बायने दाबून पाहिलं, कुंपणावरून शेजारणीनेही येऊन दाबून पाहिलं. दिवा काही लागला नाही.

गणपती बायने मांडीवर घेतला. "चल," ती म्हणाली.

क्युरपिपला पोचले तेव्हा भुरभुर पाऊस होता, तिथे तो असतोच. रविवार असल्याने कचेरी बंद. तुलसीरामने गाडी फाटकाशी उभी केली आणि काच खाली केली. "ती बघ बाय, वरची तिसरी खिडकी. तिथे माझं टेबल."

बायने खिडकीकडे पाहिलं. पिवळट रंगाची भिंत, गंजलेलं फाटक, बंद खिडकी. बघण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. तरी ती खूप वेळ बघत राहिली. मग तिने पदराने गणपतीवरचा पावसाचा थेंब पुसला आणि त्याला खिडकीच्या दिशेने जरा उंच धरलं.

"हातांना भेगा पडायच्या तेव्हा वाटायचं, हा शिकतोय ते नक्की कुठं जाणार," ती म्हणाली. "बरं झालं बघितलं."

तुलसीरामला वायपर लावायचं कारण मिळालं, म्हणून त्याने लावले. पण त्याला दिसेनासं झालं होतं ते काचेवरच्या पाण्याने नव्हे. तो तोंड वळवून रडला आणि विद्यावतीने मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी जेवण झालं. संध्याकाळी बायला परत सोडायला निघाले, तेव्हा तुलसीराम म्हणाला, "बाय, गणपती दे. गाडीत परत ठेवतो. या वेळी गोंदाने."

"नाय," बाय म्हणाली. "हा आता माझ्याकडं राहील. माझ्या घरात रिकामा कोनाडा हाय. तुम्हाला दर्शन पाहिजे असेल तर येत जा. रविवारी येत जा, गाडी घेऊन."

सोमवारी सकाळी कोंबड्यांचा व्यापारी दोर आणि दोन माणसं घेऊन अंगणात आला. तुलसीराम छत्री घेऊन कचेरीला निघाला होता. गाडीत तबकडीच्या वरच्या पत्र्यावर तीन भोकं होती. निघताना त्याने तिथेच हात टेकून कपाळाला लावला होता, विद्यावतीसारखा.

"गाडी?" व्यापाऱ्याने विचारलं.

"नाही विकायची," तुलसीराम म्हणाला. "रविवारी प्लेन दे पपायला जायचंय."